चिनी धर्मांच्या अभ्यासाला पैसा कोण देतं?

प्रश्न असा आहे: "पुण्यात पाली घेऊन एम.ए. केलं. चिनी भाषेची चौथी पातळी पास आहे. चीनमधल्या धर्मांवर पीएच.डी. करायची आहे. घरचे विचारतात, याला पैसा कोण देणार? आणि मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं या क्षेत्रात होतं का?"

मी हा विषय वीस वर्षं शिकवते आहे. अनुदानांसाठी पुष्कळ अर्ज लिहिले, त्यातले निम्म्याहून जास्त परत आले. पुढे निवड समित्यांवर बसून इतरांचे अर्जही वाचले. तेव्हा घरच्यांना आधी सांगा की पैसा आहे आणि भारतीय विद्यार्थ्याला तो मागता येतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबचं आहे. टाळी वाजवा असं सहसा कुणी म्हणत नाही. पण चिनी धर्मातलं काय उजेडात येईल आणि काय वर्षानुवर्षं अंधारात राहील, हे देणाऱ्याचा हात ठरवतो. हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आधीच कळावं म्हणून जरा मागून सुरुवात करते.

१९०७ साली ब्रिटिश पुरातत्त्वसंशोधक ऑरेल स्टाइन वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या लेण्यांपाशी पोचला, तेव्हा वांग युआनलू नावाचा एक ताओपंथी साधू त्यांची राखण करत होता. लेणी बौद्धांची, राखणदार ताओपंथी. चिनी धर्म कसा नांदतो हे समजायला एवढं एक उदाहरण पुरेल. वांग लोकांकडून वर्गणी गोळा करायचा आणि पडझड झालेल्या लेण्यांची डागडुजी करायचा. भिंतीआड बंद केलेली, हस्तलिखितांनी ठासून भरलेली खोली त्यालाच १९०० साली सापडली होती. स्टाइनने ह्युएन त्संगचं नाव काढून त्याचा विश्वास मिळवला आणि चोवीस पेट्या हस्तलिखितं व पाच पेट्या चित्रं घेऊन तो निघाला. बदल्यात वांगला मिळालेल्या चांदीचं मोल होतं सुमारे १३० पौंड. तीही त्याने लेण्यांनाच लावली.

आता स्टाइनच्या त्या मोहिमेचा खर्च बघा. पाचातले तीन हिस्से हिंदुस्थान सरकारचे आणि दोन ब्रिटिश म्युझियमचे. म्हणजे शेतसारा आणि मिठावरचा कर भरणाऱ्या माणसांनी, त्यांच्या नकळत, चिनी धर्माच्या अभ्यासातल्या सर्वांत मोठ्या शोधाचा अर्ध्याहून जास्त खर्च उचलला होता. त्या हिश्शापोटी दुनहुआंगची रेशमी चित्रं आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. चिनी हस्तलिखितं मात्र लंडनला राहिली. ८६८ सालचं छापील वज्रच्छेदिका सूत्र त्यांतलंच. त्या कागदांवर शंभर वर्षं जगभरचे लोक काम करत आले. दिल्लीतल्या चित्रांवर त्या मानाने फार थोडं झालं. कारण वस्तू विकत आणायला पैसा दिला गेला, ती वाचणारी माणसं तयार करायला दिला गेला नाही. मला हे आजही सलतं आणि पुढे जे सांगणार आहे त्याच्या मुळाशी हेच आहे.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईपर्यंत येतं. जेम्स लेग हा स्कॉटिश मिशनरी १८७६ साली ऑक्सफर्डला चिनीचा पहिला प्राध्यापक झाला. त्याआधी हाँगकाँगला असताना त्याने कन्फ्यूशियन ग्रंथांची भाषांतरं केली. १८६१ पासून ती छापली जाऊ लागली, तेव्हा छपाईचा भार जोसेफ जार्डिन या व्यापाऱ्याने उचलला. जार्डिन मॅथेसन ही पेढी वाढली ती अफूवर. माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जायची आणि या पेढीचे मुंबईतले सर्वांत मोठे सहकारी होते सर जमशेटजी जीजीभॉय. लेग स्वतः अफूच्या व्यापाराचा कडवा विरोधक होता. त्याच्या भाषांतरांत कुठेही व्यापाऱ्याची तळी उचललेली नाही. मग पैशाने काय केलं? पैशाने ग्रंथ छापले. प्रॉटेस्टंट मिशनऱ्याच्या मनात धर्म म्हणजे ग्रंथ होताच, आणि छपाईला पैसाही ग्रंथांनाच मिळाला. त्यामुळे पुढच्या दोन-तीन पिढ्यांना चिनी धर्म म्हणजे कन्फ्यूशियस आणि लाओत्झूची पुस्तकं असंच वाटत राहिलं. लेगच्या दारासमोर हाँगकाँगच्या गल्लीत जे नवस फेडले जात होते, देव अंगात येत होते, भुकेल्या भुतांना जेवण वाढलं जात होतं, ते सगळं "अंधश्रद्धा" या खात्यात गेलं.

ही विभागणी अजून मोडलेली नाही. आजचे मोठे दाते बघितले की लक्षात येतं.

पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही टूलरूममध्ये मिटुटोयोचा मायक्रोमीटर असतो. त्या जपानी कंपनीचे संस्थापक येहान नुमाता हिरोशिमाकडच्या एका बौद्ध मंदिरातल्या घराण्यातले. कंपनी १९३४ ची. १९६५ मध्ये त्यांनी बौद्ध धर्माच्या प्रसारासाठी संस्था काढली. अमेरिका-युरोपातल्या अनेक विद्यापीठांत नुमातांच्या नावाची अध्यासनं आहेत. चिनी त्रिपिटकाचं इंग्रजी भाषांतर करण्याचा त्यांच्या संस्थेचा प्रकल्प १९८२ पासून चालू आहे. हाँगकाँगचं हो घराणं असंच. सर रॉबर्ट होतुंग हे जार्डिन मॅथेसनचे मुख्य दलाल होते. त्यांच्या पत्नी क्लारा यांनी १९३५ मध्ये तुंग लिन कोक युएन हे बौद्ध मंदिर उभारलं आणि आज त्या मंदिराच्या देणगीतून कॅनडा व हाँगकाँगच्या विद्यापीठांत बौद्ध अभ्यास चालतो. नातवाने, रॉबर्ट हो यांनी, २००५ मध्ये काढलेलं फाउंडेशन प्रबंध लिहिणाऱ्यांना शिष्यवृत्त्या देत आलं आहे आणि नव्या प्राध्यापकपदांना पहिल्या काही वर्षांचा पैसाही. तैवानच्या धर्म ड्रम माउंटन (फागुशान) या बौद्ध संघटनेचे आचार्य शेंग येन यांच्या नावाचं चिनी बौद्ध धर्माचं अध्यासन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आहे.

या सगळ्यांबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. माझे स्वतःचे विद्यार्थी या पैशावर शिकले. या दात्यांनी मला कधी अमुक लिही, तमुक गाळ असं सांगितलं नाही. पण नीट बघा, सगळा पैसा बौद्ध धर्माचा आहे. बौद्धांकडे मठ आहेत, जगभर पसरलेले श्रीमंत उपासक आहेत आणि विद्यादानाने पुण्य लागतं ही जुनी श्रद्धा आहे. ताओपंथी पुरोहित घराणी गावोगाव विखुरलेली. बापाकडून मुलाकडे विधीच्या पोथ्या जातात, पोट यजमानांवर चालतं. ते कुठून अध्यासन देणार? आणि खेड्यातल्या देवळात अंगात येणाऱ्या बाईसाठी कोण फाउंडेशन काढणार? त्यामुळे ताओ धर्म, लोकदेवता, पूर्वजपूजा हे शिकवणारं पद विद्यापीठात निघालं तर ते बहुतेकदा सरकारी पैशातूनच निघतं.

फ्रान्सने ते केलं. पॅरिसच्या एकोल प्रातिक या उच्चशिक्षण संस्थेत १८८६ पासून धर्मांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. चिनी धर्माचे अभ्यासक मार्सेल ग्राने तिथे होते, पुढे क्रिस्तोफर स्किपर आले. स्किपर तैवानला ताइनानमध्ये राहिले, पुरोहितांकडे शिकले, स्वतः ताओपंथी पुरोहिताची दीक्षा घेतली. त्यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात एक काम सुरू झालं. १४४५ साली सिद्ध झालेल्या ताओ ग्रंथसंग्रहातला प्रत्येक ग्रंथ वाचायचा, त्याचा काळ ठरवायचा, तो कशासाठी वापरला जाई ते सांगायचं. ग्रंथ जवळजवळ दीड हजार. युरोपियन सायन्स फाउंडेशनने पैसा दिला, अनेक देशांचे लोक कामाला लागले आणि तीन खंड छापून आले २००४ मध्ये. पंचवीसहून जास्त वर्षं! आज आपण जे तीन-तीन वर्षांचे प्रकल्प लिहितो, त्यातल्या एकानेही हे काम पेललं नसतं. चिनी ताओ धर्मावर आज जे काही भरवशाचं लिहिलं जातं ते त्या तीन खंडांवर उभं आहे.

गावातल्या धर्माला मात्र अनपेक्षित ठिकाणाहून मदत झाली. तैपेईमध्ये १९८९ साली च्यांग चिंग-क्वो फाउंडेशन स्थापन झालं. नाव तैवानच्या माजी राष्ट्राध्यक्षांचं, पैसा काही सरकारचा, काही उद्योगपतींचा. हेतूत राजकारण होतं हे उघड आहे, कारण जगाने तैवानला विसरू नये असं त्यांना वाटत होतं. पण त्या पैशातून झालं काय? चीनच्या मुख्य भूमीवरच्या खेड्यांतली विधिनाट्यं आणि पुरोहितांच्या पोथ्या यांवर ऐंशी खंडांची चिनी ग्रंथमाला निघाली. दक्षिण चीनमधल्या हक्का लोकांच्या गावांवर जॉन लॅगरवे यांनी संपादित केलेली मालाही अशीच. त्यातले बरेच लेख गावातल्याच जुन्या जाणत्या माणसांनी लिहिले आहेत. आपल्या गावच्या देवाची पालखी कुठून कुठे जाते, कुठल्या भावकीचा मान पहिला, हे त्यांनी जसं लिहिलं तसं बाहेरच्याला जन्मात लिहिता आलं नसतं. तेव्हा देणाऱ्याचा हेतू एक आणि फळ दुसरं, असंही होतं.

आता चीनच्या सरकारी पैशाबद्दल, कारण तुमचा पोळी-टाळीचा प्रश्न बहुधा त्यावरूनच आला असणार. चीनमध्ये राज्याने धर्माच्या अभ्यासावर खर्च केलेला आहे. १९६३ च्या शेवटी माओने एका टिपणात धर्मांचा अभ्यास व्हायला हवा असं लिहिलं आणि १९६४ मध्ये बीजिंगला जागतिक धर्मांची संशोधन संस्था उभी राहिली. पण राज्य पाचच धर्म मानतं: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट. गावदेवता त्यांत बसत नाहीत. म्हणून माझे तिकडचे सहकारी तोच विषय इतिहास, नाट्य किंवा "अमूर्त वारसा" या नावाखाली मांडतात. शियामेनमधली राजनौकेची जत्रा, जिच्यात रोगराईच्या देवांना लाकडी जहाजात बसवून निरोप देतात आणि जहाज जाळतात, ती २०२० मध्ये चीन आणि मलेशिया यांनी मिळून युनेस्कोच्या वारसा यादीत नेली. वारसा म्हटलं की पैसा आणि परवानगी दोन्ही येतात. मात्र विधीतली भीती, नवस, अंगात येणं हळूहळू फोटोच्या बाहेर ढकललं जातं. हे सहकारी किती सांभाळून आणि किती निष्ठेने काम करतात ते मी पाहिलं आहे. त्यांना बाहेरून नावं ठेवणं मला जमत नाही.

परदेशी विद्यापीठांत चीन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या कन्फ्यूशियस संस्थांची गोष्ट वेगळी. २००४ पासून त्या उघडत गेल्या, मुंबई विद्यापीठातही २०१३ मध्ये एक निघाली. भाषा शिकवणं हे त्यांचं काम, आणि भाषा शिकायला कुणी तिथे गेलं तर मी अडवणार नाही. धर्म हा विषय आला की अडतं. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१३ मध्ये आपली संस्था बंद करायचं ठरवलं, कारण चीनमधून पाठवल्या जाणाऱ्या शिक्षकांच्या करारात फालुन गोंग या चीनमध्ये बंदी असलेल्या पंथाशी संबंध नसावा अशी अट असल्याची तक्रार एका शिक्षिकेनेच केली होती. पुढच्या वर्षी पोर्तुगालमध्ये ब्रागाला युरोपातल्या चिनी अभ्यासकांचं अधिवेशन भरलं. कार्यक्रमपत्रिकेत पुरस्कर्ता म्हणून तैवानच्या च्यांग चिंग-क्वो फाउंडेशनचंही नाव होतं. कन्फ्यूशियस संस्थांच्या बीजिंगमधल्या प्रमुख अधिकाऱ्याच्या आदेशावरून पत्रिका ताब्यात घेतल्या गेल्या आणि ती पानं फाडून मगच वाटल्या गेल्या. अभ्यासकांच्या संघटनेने जाहीर निषेध केला. मी विद्यार्थ्यांना हे सांगते ते चीनवर राग म्हणून नव्हे. पान फाडलं जातं तेव्हा ते निदान दिसतं. न लिहिलेला अर्ज, न निवडलेला विषय दिसत नाही. मी समितीवर असताना हुशार मुलांनी "हे नको, व्हिसा अडेल" म्हणून विषय बदललेले पाहिले आहेत, आणि तो बदल कुठल्याही नोंदीत येत नाही.

क्षेत्रकार्याच्या पैशाबद्दल एक प्रसंग. दक्षिण तैवानात एका गावी देवळाचा तीन दिवसांचा जिआओ, म्हणजे सगळ्या गावासाठी केला जाणारा ताओपंथी विधी, बघायला मी गेले होते. तिथे रिकाम्या हाताने जायचं नसतं. तांबड्या पाकिटात, होंगपाओमध्ये, ३६०० तैवानी डॉलर घालून मी देवळाच्या टेबलावर दिले. तिथल्या म्हाताऱ्या कारभाऱ्यांनी माझं नाव कुंचल्याने लाल कागदाच्या पट्टीवर लिहिलं, खाली रक्कम लिहिली आणि पट्टी भिंतीवर चिकटवली. एका बाजूला हार्डवेअरचं दुकान, दुसऱ्या बाजूला मासे विकणारं कुटुंब, मध्ये मी. आपल्या देवळांत देणगीदारांची नावं फरशीवर कोरतात ना, तसंच. शाई वाळायच्या आत गावाला कळलं की कुणी किती दिलं. परत आल्यावर विद्यापीठाच्या हिशेब विभागाने शिक्क्याची पावती आणि पुरवठादाराचा नोंदणी क्रमांक मागितला. मी भिंतीचा फोटो जोडला, तो नामंजूर झाला आणि पैसे माझ्या खिशातून गेले. पैशांपेक्षा मला वाईट वाटलं ते याचं, की देवळाची अर्थव्यवस्था हाच माझा विषय होता आणि विषयातला सर्वांत पक्का पुरावा माझ्याच कचेरीत पुरावा ठरला नाही. तेव्हापासून मी अर्जातच "देवस्थानांना व विधिकर्त्यांना द्यायची दक्षिणा, स्थानिक पद्धतीच्या नोंदीसह" अशी ओळ घालते. समितीला आधी समजावून दिलं की बहुतेकदा मान्य होतं.

वेळापत्रकाचंही तसंच. देव चांद्र तिथीप्रमाणे चालतात, अनुदान ३१ मार्चला संपतं. तैवानच्या तोंगगांगमध्ये राजनौका जाळण्याचा मोठा उत्सव तीन वर्षांतून एकदा होतो. २०२४ ला झाला, पुढचा २०२७ ला. दोन वर्षांचं अनुदान घेऊन चुकीच्या साली गेलात तर हाती मुलाखतीच लागतील. अर्ज करण्यापूर्वी पंचांग बघा, हे मी अगदी शब्दशः सांगते आहे.

विद्यापीठांना खरी गरज कशाची आहे? परिषदांची नाही. परिषदेला पैसा पटकन मिळतो, कारण फलक लागतो आणि फोटो निघतात. गरज आहे कायम पदाची आणि अभिजात चिनी शिकवणाऱ्या माणसाची. आधुनिक चिनी येणाऱ्यालाही ताओ विधीची पोथी हातात दिली की ओळ लागत नाही. तिथे वर्ष-दोन वर्षं रोज बसावं लागतं, चार विद्यार्थ्यांच्या वर्गात. अशा वर्गाला "विद्यार्थीसंख्या अपुरी" म्हणून बंद करणं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका विद्यापीठाला परदेशी संस्थेने तीन वर्षांचा पगार दिला, चौथ्या वर्षापासून पद आपण चालवू असं विद्यापीठाने लिहून दिलं. चौथं वर्ष आलं तेव्हा कुलगुरू बदललेले होते आणि पद गेलं. त्या तीन वर्षांत तयार झालेले दोन विद्यार्थी आज दुसऱ्याच क्षेत्रात नोकरी करतात. म्हणून नव्या पदाची जाहिरात दिसली की पहिल्यांदा विचारा, बाहेरचा पैसा संपल्यावर पगार कोण देणार, आणि ते कुठल्या ठरावात लिहिलं आहे.

इथे धर्मानंद कोसंबींची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस. कलकत्त्यात पाली शिकवण्याची जास्त पगाराची नोकरी त्यांनी सोडली, कारण त्यांना महाराष्ट्रात काम करायचं होतं. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले: महाराष्ट्रात कुठेही राहा, वर्षाला बडोद्यासाठी एक पुस्तक लिहा. अट एवढीच. पुढे कोसंबी फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले, त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट तयार झाले आणि बापट चिनी शिकले. विमुत्तिमग्ग या ग्रंथाची पाली संहिता हरवलेली, पण सहाव्या शतकातलं चिनी भाषांतर टिकलेलं. बापटांनी ते वाचून त्याची विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाशी तुलना केली आणि १९३७ मध्ये पुण्यात ती छापली. पाली येणाऱ्या माणसाला चिनी आलं तर काय होतं, याचा हा तुमच्याच शहरातला दाखला. पैसा थोडा होता, पण तो योग्य माणसाला योग्य वेळी आणि मोकळ्या हाताने मिळाला होता.

आता तुम्ही काय करावं. थेट पीएच.डी.चा अर्ज टाकू नका. आधी तैवान सरकारच्या हुआयू शिष्यवृत्तीवर वर्षभर भाषेला जा आणि तिथे अभिजात चिनीचा वर्ग घ्याच. बौद्ध ग्रंथ वाचायला पैसे लागत नाहीत. तैपेईच्या सीबेटा संस्थेने १९९८ पासून चिनी त्रिपिटक संगणकावर आणून सगळ्यांना फुकट खुलं केलं आहे, आणि तोही उपासकांच्या देणग्यांचाच प्रताप. आज रात्री उघडून बसता येईल. प्रबंधाच्या टप्प्यावर हो फाउंडेशनची शिष्यवृत्ती बघा, तिला राष्ट्रीयत्वाची अट नाही. विषय बौद्ध नसून गावदेवतांचा असेल तर च्यांग चिंग-क्वो फाउंडेशन, आणि तैपेईच्या राष्ट्रीय ग्रंथालयातलं चिनी अभ्यास केंद्र परदेशी संशोधकांना राहण्यासाठी जे अनुदान देतं ते. भारतात एखाद्या ट्रस्टमार्फत परदेशी पैसा घ्यायचा झाला तर त्या ट्रस्टची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याखाली नोंदणी आहे का ते आधी तपासा. नसेल तर कितीही चांगली माणसं असली तरी त्या वाटेला जाऊ नका. व्यक्तीला थेट मिळणारी शिष्यवृत्ती त्या मानाने सोपी पडते.

तुमच्याकडे पाली आहे, आणि चिनी धर्मांच्या परदेशी विभागांत पाली येणारे लोक मोजके असतात. म्हणून पहिला प्रबंध बौद्ध बाजूने करा, कारण पैसा तिथे आहे. पण एक प्रकरण असं ठेवा की जे ग्रंथातून देवळात जाईल: तेच सूत्र आज एखाद्या गावात अंत्यविधीला कोण म्हणतं, किती दक्षिणा घेतं, शेजारी ताओपंथी पुरोहित बसलेला असतो का. निवड समितीला असं प्रकरण आवडतं आणि त्याच्या खर्चात तुमचं गावातलं पहिलं वर्ष निघतं. संशोधनाचा आराखडा दोन पानांत लिहा, पहिल्या परिच्छेदात ग्रंथाचं नाव, गावाचं नाव आणि उत्सवाची तिथी असू द्या. शिफारसपत्रं निदान दीड महिना आधी मागा.